फोटॉनला वस्तुमान नाही, मग डब्ल्यू आणि झेडला कुठून आलं?

गोदाकाठ
गंगापूर रोडवरच्या आमच्या एमएस्सीच्या अभ्यासगटात रविवारी गेज सममिती (फेज जागोजागी वेगळी फिरवली तरी भौतिकीचे नियम तेच राहणं) मांडायची आहे. इलेक्ट्रॉनच्या तरंगाची फेज, म्हणजे त्याचा कोन, सगळीकडे सारखीच फिरवली तर नोएथरच्या १९१८च्या प्रमेयातून विद्युतभार अक्षय्य ठरतो, इथपर्यंत ठीक. फेज बिंदूगणिक वेगळी घेतली की नवं क्षेत्र का लागतं? आणि ही सममिती फोटॉनला वस्तुमान घेऊ देत नाही, तर दुर्बल बल वाहणारे डब्ल्यू, झेड हे कण जड कसे?

पंचवटीकर
फेजचा शून्य नाशिकरोडला एक आणि पंचवटीत दुसरा धरला तरी उत्तरं तीच यावीत, एवढीच मागणी आहे. डेरिव्हेटिव्ह शेजारच्या बिंदूंची वजाबाकी करतो, त्यामुळे अल्फा ही फेज जागेनुसार बदलली की अल्फाच्या डेरिव्हेटिव्हचं जादा पद उरतं. ते खोडायला 'ए' क्षेत्र: डेरिव्हेटिव्हच्या जागी 'डेरिव्हेटिव्ह अधिक आय-ई-ए' लिहायचं (आय म्हणजे वजा एकचं वर्गमूळ, ई म्हणजे विद्युतभार), आणि 'ए'मधून अल्फाचा डेरिव्हेटिव्ह भागिले ई वजा करायचा.

फळ्यावर नेमकं इथेच चिन्ह चुकतं. काही पुस्तकांत 'वजा आय-ई-ए' असतं. तिथे 'ए'मध्ये तेच पद मिळवायचं असतं. एक ओळ या पुस्तकातली, दुसरी त्या पुस्तकातली घेतलीत तर जादा पद खोडलं न जाता दुप्पट होतं.

वस्तुमानाचं पद 'ए'च्या वर्गाचं. 'ए' सरकला की ते बदलतं, म्हणून त्याला मनाई.

कण_आणि_क्षेत्र
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निर्वात, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, अवस्थेत आहे. समीकरणांत सममिती पूर्ण शाबूत असते. सगळीकडे पसरलेल्या हिग्ज क्षेत्राचं निर्वातातलं मूल्य मात्र शून्य नसून २४६ जीईव्ही (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक) आहे. आकडे टाकूनच दाखवा, पटकन पटतं: दुर्बल बलाचा जोडांक (त्याची ताकद सांगणारा आकडा) सुमारे ०.६५, गुणिले २४६, भागिले २, म्हणजे ८० जीईव्ही. डब्ल्यूचं मोजलेलं वस्तुमान ८०.४. दोन उदासीन गेज क्षेत्रं मिसळून झेड आणि फोटॉन बनतात. डब्ल्यूच्या वस्तुमानाला त्या मिश्रणकोनाच्या कोसाइनने, सुमारे ०.८८ने, भागलं की झेडचे ९१ येतात. चार गेज क्षेत्रांपैकी जी जुळणी निर्वाताला हलवत नाही, तो फोटॉन. तो वस्तुमानाविना राहतो. हिग्जच्या चार घटकांपैकी तीन डब्ल्यूच्या जोडीत आणि झेडमध्ये मुरतात, चौथा २०१२मध्ये सापडलेला १२५ जीईव्हीचा कण.

वस्तुमान हातानेच का घालू नये, हे कोणीतरी विचारेलच. तसं केलं आणि हिग्ज नसला, तर डब्ल्यूंच्या टकरीची संभाव्यता ऊर्जेबरोबर वाढत जाऊन साधारण १ टीईव्हीच्या (१००० जीईव्ही) आसपास १च्या पुढे जाते.

पंचवटीकर
सममितीवरून आधीच भाकीत केलेल्या ओमेगा-वजा या तीन क्वार्कच्या कणाचं उदाहरण घ्याल तर वेगळ्या स्लाइडवर घ्या. त्याच्या गटातल्या आधीच्या कणांची वस्तुमानं १२३२, १३८५, १५३० एमईव्ही (जीईव्हीचा हजारावा भाग), दर पायरीला साधारण १५०, म्हणून पुढचा १६८०च्या आसपास. १९६४मध्ये तो मिळाला, १६७२ एमईव्हीला. सुंदर आहे, पण ती क्वार्कच्या प्रकारांमधली अदमासे सममिती. तिच्यातून कुठलंही बलक्षेत्र निघत नाही.