मदत हवी आहे : शीट पाळायची की डोकं चालवायचं? (उद्यमबाग, बेळगाव)

धागाकर्ता : उद्यमबागवाला

नमस्कार मंडळी. उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शन बघतो. चाळीसेक माणसं आहेत, हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉड्या करतो. प्रश्न मशीनचा आहे की माणसांचा हेच मला कळेना झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या एचएमसीवर (आडव्या स्पिंडलचं सीएनसी मशीन) एक मामा आहेत. खानापूर तालुक्यातले, पंचवीस वर्षं मशीनवर काढलेली. नुसत्या आवाजावरून इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) गेलाय की नाही ते सांगतात. एका बॉडीच्या बोअरला (आतल्या गोल भोकाला) सारखं चॅटर (थरथरीचे व्रण) येत होतं, कारण जॉब पकडायच्या फिक्स्चरचे रेस्ट, म्हणजे जॉब टेकतो ते आधार, झिजलेले. नवीन रेस्टची मागणी देऊन तीन आठवडे होऊन गेलेले. शेवटी मामांनी पितळी शिम (पातळ पट्टी) कापून रेस्टवर बसवली, जॉब ०.२ मिमी वर आला तेवढा मशीनमधला उंचीचा ऑफसेट बदलला आणि फीडही (टूल पुढे सरकायचा वेग) थोडा वाढवला. बोअर आरशासारखा! सायकल टाइम अकरा मिनिटांवरून साडेनऊवर. मला म्हणाले, "बघा की साहेब, कागद लिहिणाऱ्याला ठावं तरी हाय का जॉब कुठं नाचतोय ते?" मीही खूश. कुठे लिहून मात्र ठेवलं नाही. ती चूक माझी.

सेकंड शिफ्टला गोकाककडचा एक पोरगा असतो. चिप्स साफ करताना त्याला शिम दिसली. महिन्याभरापूर्वी मीच सगळ्यांना फाइव्ह एसचं (कामाची जागा आवरून नीट ठेवायची पद्धत) ट्रेनिंग दिलं होतं, नको ते बाहेर. त्याने काढली. सेटिंग तेच पुढे चालू आहे म्हणून पहिला जॉबही तपासला नाही. सेंटर हाइट प्रत्येक जॉबला ०.२ मिमीने जास्त, आणि टॉलरन्स (चालणारा फरक) ±०.०५. सकाळी सीएमएमवर (मापं तपासायचं मशीन) कळेपर्यंत ३४ बॉड्या झालेल्या. बोअर लहान राहिला असता तर पुन्हा फिरवता आला असता, सेंटर सरकल्यावर भंगारच. पोराला विचारलं तर म्हणाला, "यारू हेळिल्री सर (कुणी सांगितलंच नाही). तगड दिसलं, काढलं." आता यात त्याचं काय चुकलं सांगा.

मालकांनी नोटीस लावली : वर्क इन्स्ट्रक्शनच्या (काम कसं करायचं ते लिहिलेली शीट) बाहेर कुणी काही केलं तर नुकसान पगारातून कापणार. याला दीड महिना झाला. रिजेक्शन उतरलंय, हे कबूल. पण मामा तोंड उघडत नाहीत. चॅटर आलं तरी शीटप्रमाणे चालवतात आणि मी विचारलं की शीटकडे बोट दाखवतात. पोरंही त्यांचं बघून तशीच. परवा एका मशीनवर कूलंटचं नॉझल वाकडं झालं होतं, पाणी भलतीकडेच जात होतं. हात का लावला नाही विचारलं, तर उत्तर आलं, "शीटमध्ये नॉझल नाही."

बरं, ही शीट इंग्रजीत. वाचणारे निम्मे मराठी, निम्मे कन्नड.

शिस्त न मोडता माणसांचं डोकं चालू कसं ठेवायचं? छोट्या शॉपमध्ये कुणी करून बघितलंय का? मोठ्या कंपनीची उदाहरणं जपून द्या, आमचा आर अँड डी विभाग म्हणजे मामाच.

शिरोलीचा भट्टीवाला

आधी ती नोटीस काढा. पगार कापणार म्हटल्यावर मामा पुढच्या वेळी शिम लावतील, फक्त तुम्हालाही सांगणार नाहीत.

आमच्याकडे फाउंड्रीत टॅग चालतो. कुणी काही बदललं की बदललेल्या जागीच टॅग बांधायचा : काय केलं, कुणी, कधी, किती दिवसांसाठी. टॅग असेपर्यंत त्या गोष्टीला दुसऱ्याने हात लावायचा नाही, आणि शिफ्ट बदलली की पहिला जॉब तपासल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. तीन दिवसांत बदल एकतर शीटमध्ये जातो, नाहीतर निघतो. चौथ्या दिवशी टॅग लोंबकळत दिसला तर शिव्या सुपरवायझरला, ऑपरेटरला नाही.

टॅग पिवळा ठेवा. लाल अजिबात नको! फाइव्ह एसमध्ये लाल टॅग म्हणजे नको असलेली वस्तू, तुमचा पोरगा परत उचलून टाकेल.

मोठ्या कंपनीचं एकच सांगतो. टोयोटात कामगारांकडून सूचना घ्यायची योजना १९५१ पासून आहे. प्रमाण पद्धतीसाठी ज्यांचं नाव जगभर घेतात, त्यांनीच ती पद्धत बदलायचा रस्ताही शॉप फ्लोअरवर उघडा ठेवला.

ऑडिटवाली ताई

मी क्वालिटी ऑडिट करते, त्यामुळे थोडं कडू बोलते.

मालकांना दाखवा : आयएसओ ९००१:२०१५ मधलं ८.५.६ हे कलम बदलांवरच आहे. बदल करू नका असं त्यात म्हटलेलं नाही. बदल तपासा, त्याला मंजुरी कुणी दिली आणि त्यापायी काय करावं लागलं याची नोंद ठेवा, एवढंच ते मागतं. तुमच्या नोटिशीपेक्षा ते कलम बरंच उदार आहे.

आता मामांबद्दल. त्यांनी शिम आणि फीड एकदम बदलले. मग चॅटर कशाने गेलं? मामाही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाहीत. एका वेळी एकच बदल, पाच जॉब, माप लिहून, मग दुसरा. अनुभवी माणसाला हे पोरखेळ वाटतं, पण नवी शीट लिहायची तर याशिवाय गत्यंतर नाही.

शिवाय ग्राहक ऑटोमोटिव्ह असेल आणि पीपॅप (पार्ट आणि प्रोसेसला ग्राहकाची मंजुरी) झालेलं असेल, तर मंजूर प्रोसेसमधला बदल त्यांना कळवल्याशिवाय करता येत नाही. मामांच्या शिफ्टचे जे "आरशासारखे" जॉब झाले, ते पाठवून मोकळे झालात का? त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

वडगावचा मागवाला

आम्ही पॉवरलूमवाले, आमच्याकडे कसली शीट! पण एक विचारतो. मामांनी दीड मिनिट वाचवलं तेव्हा त्यांचं नाव कुठे लागलं? ३४ जॉब गेले तेव्हा मात्र नोटीस लागली. माणूस गप्प बसणार नाहीतर काय करणार?

आणि लिहायला लावू नका हो. त्यांच्या हातात पेन दिलं की परीक्षेला बसवल्यासारखं होतं. मोबाइलवर बोलायला सांगा, पोरगा लिहून घेईल.

उद्यमबागवाला

सगळ्यांचे आभार. बारा दिवसांनी लिहितोय, क्षमस्व.

ताई, नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलंत. ते जॉब गेले होते. मापं सगळी टॉलरन्समध्ये होती, पण कळवलं नव्हतं. आता ग्राहकाला सगळं लिहून मेल केलाय. उत्तर येईपर्यंत फीड जुनाच, म्हणजे सध्या पुन्हा अकरा मिनिटं. मामांना हे पटलेलं नाही. "चांगलं केलं तरी परवानगी?" म्हणाले. मी वाद घातला नाही.

मालकांनी नोटीस काढली नाही. पगाराची ओळ तेवढी खोडली आणि खाली हाताने लिहिलं : पिवळा टॅग असेल तर चालेल. आमच्या मालकांच्या मानाने हे खूप झालं.

पहिला टॅग नॉझलला लागला, दुसरा शिमला. शिम या वेळी जुन्या फीडवरच तपासली, पाच जॉब. चॅटर गेलं. म्हणजे काम शिमचंच होतं. शीटचं नवं पान फोटोसकट केलं, मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हीत. मागवाले म्हणाले तसं मामा मोबाइलवर बोलले आणि त्या गोकाकच्या पोराने लिहून घेतलं. खाली "सुचवणार" असा एक रकाना ठेवलाय. मामांचं नाव त्यात पोराने कन्नडमध्ये लिहिलं. मामांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. पानावर बोट ठेवून त्यांनी मला दोनदा विचारलं, "माझंच हाय न्हवं?"

रेस्ट अजून आलेले नाहीत. त्यासाठी वेगळा धागा काढतो.