कॅमेरा चालू म्हणजे लक्ष आहेच, असं कुठंय?

'कॅमेरा बंद ठेवणारा माणूस ऑनलाइन मीटिंगमध्ये नसतोच' हे इथे कुणीतरी मांडलेलं मत काही पटलं नाही. कॅमेऱ्यासमोर मान डोलवत दुसऱ्या खिडकीत मेल लिहिणारे आमच्या टीममध्येच तिघे आहेत. (चौथा मी.)

व्हिडिओ मीटिंगांनी थकवा येतो ही तक्रारही निव्वळ आळशीपणाची नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची कारणं मांडली होती: सगळ्यांचे चेहरे सतत अंगावर आल्यासारखे जवळ, जागेवरून हलायची सोय नाही, हावभाव समजून घ्यायला जास्त डोकं लावावं लागतं आणि दिवसभर स्वतःचंच तोंड बघत बसायचं. हे शेवटचं मला सर्वांत जाचक वाटतं. प्रत्यक्ष बैठकीत कुणी आपल्यासमोर आरसा धरून बसतं का? झूममध्ये स्वतःचं चित्र फक्त स्वतःपुरतं लपवता येतं, तेवढं केलं तरी बराच फरक पडतो.

बाकी, नेदरलँड्समध्ये २०२२ साली एका कर्मचाऱ्याला दिवसभर कॅमेरा चालू ठेवायला नकार दिला म्हणून काढलं होतं. कोर्टाने ते बेकायदा ठरवून कंपनीला त्याची भरपाई द्यायला लावली. अर्थात तो पाळतीचा प्रकार होता, अर्ध्या तासाच्या मीटिंगचा नव्हे.

नवीन माणूस रुजू झाला असेल किंवा दोघांतच नाजूक बोलणं असेल, तर मी आपणहून कॅमेरा लावतो. वीस जणांच्या साप्ताहिक आढाव्यात, जिथे माझी पाळी दोन मिनिटांची, तिथे माझा चेहरा पाहून कुणाला काय मिळणार?