मदत हवी आहे: भावाला एमएस, आहार काय द्यायचा? लवकर सांगा

अकोल्याची_ताई
लहान भावाला एमएस निघालाय, तो नसांचा आजार, एमआरआय वगैरे सगळं झालंय. त्याने नेटवर स्वांक डाएटचं (ते अगदी कमी चरबीचं) वाचलं आणि आता घरात तूप बंद खोबरं बंद, आई रडकुंडीला आलीय. काका म्हणतात गहू सोडा, मावशी म्हणते गुळवेलीचा काढा द्या. दिवसभर पडून असतो आणि आम्ही पॉझिटिव्ह रहा म्हटलं की अंगावर येतो. नेमकं काय खायला द्यायचं तेवढंच सांगा. डॉक्टरकडे जा म्हणू नका, डॉक्टर आहेतच.

वऱ्हाडी_ठेचा
मल्टिपल स्क्लेरोसिसच ना? वय काय, रिलॅप्सिंग (अटॅक येऊन जाणारा) की प्रोग्रेसिव्ह (हळूहळू वाढत जाणारा), औषध कुठलं चालू? हे न सांगता कोण काय सांगणार.

सुगरण७१
माझ्या सासूबाईंचे गुडघे मेथीच्या लाडवांनी थांबले. भिजवलेली मेथी रोज सकाळी द्या.

वऱ्हाडी_ठेचा
काकू, हा गुडघ्याचा आजार नाही, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण जातं यात.

निसर्गवेडा
औषधांनी काही होत नाही. अमेरिकेतल्या डॉ. टेरी वॉल्स स्वतः व्हीलचेअरवर होत्या, आहार बदलला आणि सायकल चालवायला लागल्या. भरपूर पालेभाज्या, धान्य बंद. करून बघा मग बोला.

एमएसवाली_पुणे
अर्धी गोष्ट सांगू नका. त्यांनी व्यायाम आणि स्नायूंना विजेचे झटके देण्याची थेरपीही केली होती. आणि स्वांकचं म्हणाल तर त्या डॉक्टरांनी 34 वर्षं पेशंट बघून 1990 ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापलं, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, शिवाय मधेच डाएट सोडलेले लोक का सोडून गेले कोणास ठाऊक.
ताई, स्वांकमध्ये सॅच्युरेटेड फॅट (तूप-खोबऱ्यातली घट्ट चरबी) दिवसाला 15 ग्रॅमच्या आत. मोठा चमचाभर तुपात आठ-नऊ ग्रॅम जातात, म्हणजे वरणावर छोटा चमचा घातला तर काही बिघडत नाही, खोबरेल मात्र जवळजवळ सगळं तेच. भाकरी, डाळ, मासे, जवसाची चटणी ठेवा. गुळवेल नको, ती प्रतिकारशक्ती चाळवते आणि या आजारात तीच आपल्यावर उलटलेली असते. कोविडच्या वेळी गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी छापल्यात.

निसर्गवेडा
आयुर्वेदाला नावं ठेवायची फॅशनच आहे!!

अकोल्याची_ताई
वय 27, रिलॅप्सिंग. एमएसची डायमिथाइल फ्युमरेट गोळी दिली होती, तोंड लाल होऊन आग व्हायची, पोट बिघडायचं, म्हणून त्याने सोडलंय, म्हणतो आधी डाएटने बघू. पण प्रश्न आहाराचा आहे.

वऱ्हाडी_ठेचा
अहो हे आधी सांगायला हवं होतं! आहार राहू द्या बाजूला. डॉक्टरांना माहितीये का सोडल्याचं?

एमएसवाली_पुणे
माझी पण तीच गोळी होती. रिकाम्या पोटी घेतली की चेहरा पेटतोच, पोटभर जेवून घेतली की बरंच कमी होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. नाहीच झालं तर दुसरी औषधं आहेत, पण बंद करून नुसतं बसायचं नाही, नवा अटॅक आला तर गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. आणि पडून असतो म्हणजे आळशी नाही, या आजाराचा थकवा झोपून जात नाही. अकोल्याच्या उन्हात तर डोळ्यांपुढे धूसर होतं, पाय ओढले जातात, कूलरसमोर गार झालं की उतरतं, तो नवीन अटॅक नसतो. जड कामं सकाळी, आंघोळ कोमट नाही गार. पॉझिटिव्ह रहा म्हणणं आधी थांबवा, मला पण डोक्यात जायचं. त्यापेक्षा विचारा आज कुठलं काम मी करू.

पेन्शनर_अप्पा
2016 च्या दिव्यांग कायद्यात एमएस आहे, यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज टाका. अपंगत्वाची ठरावीक टक्केवारी भरली तर सवलती मिळतात.

अकोल्याची_ताई
त्याला दाखवलं हे. म्हणतो जेवून घेतली नव्हती, नाश्ता करायचाच नाही तो. फोन लावला, मंगळवारी बोलावलंय. मावशीला गुळवेलीचं कोण सांगणार आता.

सुगरण७१
जवस भाजून घ्यायचं का कच्चं? आमच्याकडे लसूण घालतात, तेल लागत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
भाजून. तडतडलं की उतरवायचं. मंगळवारी ताई, रक्ताचे रिपोर्ट असतील तर घेऊन जा, पांढऱ्या पेशी बघतात त्या गोळीवर.