ग्रीक खेड्यातला अंजीर आणि द्राक्षाचा मांडव

ग्रीसच्या खेड्यात ऑलिव्ह सोडून काय पिकतं, असं एकाने विचारलंय. अहो, खूप काही! डाळिंब, तुती, बदाम, आणि अंगणावर द्राक्षवेलीचा मांडव. उन्हाळ्यात त्याची गार सावली. थंडीत पानं गळली की ऊन थेट अंगणात उतरतं. कोवळ्या पानांत भात भरून दोल्मादेस करतात, म्हणजे वेलीचं पानही वाया जात नाही.

पण माझा जीव अडकलाय तो अंजिरात. ग्रीसच्या एव्हिया बेटावरची कीमी आणि टॅक्सिआर्किस ही गावं सुक्या अंजिरांसाठी प्रसिद्ध आहेत. तिथल्यासारख्या स्मर्ना जातीच्या अंजिरांना परागीकरण लागतंच, नाहीतर कच्ची फळं गळून पडतात. म्हणून जूनच्या सुमारास रानअंजिराची फळं दोरीत ओवून झाडाला टांगतात. त्यांतून तिळाएवढ्या गांधीलमाश्या बाहेर पडतात आणि अंगाला लागलेला पराग घेऊन बागेतल्या अंजिरात शिरतात. थिओफ्रास्टस या प्राचीन ग्रीक वनस्पती-अभ्यासकाने इ.स.पू. चौथ्या शतकात ही रीत लिहून ठेवलीये, आणि ती अजून चालू आहे! आपल्या पुरंदरच्या अंजिराला हे काही लागत नाही, तो परागाशिवायच धरतो.