संशोधनाला सरकारी पैसा द्यावा का? नाशिकच्या ओझर, अंबड, निफाडकरांनो बोला

सातपूरकर: जीडीपीच्या जेमतेम 0.64 टक्के आपण संशोधनावर घालतो, चीन अडीचच्या आसपास, कोरिया पाचच्या जवळ. आता केंद्राने 1 लाख कोटींचा आरडीआय (संशोधन, विकास, नवोन्मेष) फंड काढलाय, खाजगी कंपन्यांना कमी व्याजाचं लांब मुदतीचं कर्ज. उशीर झालाय पण बरोबर केलंय. ऑक्टोबर 2025 ला ओझरहून तेजस लढाऊ विमान उडालं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण इंजिन अमेरिकेच्या जीईचं, त्यांनी उशीर केला की आपली विमानं बसून.

अंबड_लेथवाला: मग आपल्या देशी कावेरी इंजिनचं काय झालं भाऊ? 1989 ला मंजूर, 2008 ला तेजसपासून वेगळं केलं, अजून लढाऊ विमानात बसलेलं नाही. पैसा ओतला की इंजिन निघतं असं असतं तर काय पाहिजे होतं.

सातपूरकर: इंजिन काय दोन वर्षांत होतं का? उच्च तापमानाला टिकणारे धातू, उंचीवरच्या टेस्टिंगची सोय, हे खाजगीवाला स्वतःच्या खिशातून कशाला करेल?

निफाडचा_बागायतदार: विमानाचं मला कळत नाही, द्राक्षाचं सांगतो. 2010 ला लिहोसिन, म्हणजे वेलीची वाढ रोखायचं औषध, त्याच्या मालात उरलेल्या अंशावरून (रेसिड्यू) युरोपने माल अडवला, कंटेनर तिकडे पोर्टवर आणि इकडे व्यापारी फोन उचलेना. ते औषध आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं!! नंतर यादीत आलं, पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची लॅब होती म्हणून निभावलं. ती सरकारी आहे, आणि कुठल्याही एका एक्सपोर्टरने सगळ्या जिल्ह्यासाठी असली लॅब काढली नसती.

अंबड_लेथवाला: मान्य, पण मग नवीन वाण लावताना परदेशी कंपनीला रॉयल्टी का भरता दादा? सरकारी केंद्र 1997 पासून आहे ना.

निफाडचा_बागायतदार: दुखरी नस दाबली राव. ‘मांजरी नवीन’ वगैरे वाण काढलेत त्यांनी, पण तिकडच्या सुपरमार्केटला जो मणी पाहिजे तो बाहेरच्या वाणात मिळतो. म्हणून तर म्हणतो केंद्राला अजून पैसा द्या, बंद करा नाही.

अंबड_लेथवाला: बंद करा कोण म्हणतंय? माझा राग कर्जावर आहे. 1 लाख कोटी मोठ्यांच्या घशात जाणार, आमच्यासारख्या दहा कामगारांच्या शॉपला त्या फॉर्मचं पहिलं पानसुद्धा भरता येणार नाही. पार्ट टेस्टिंगला पुण्याला पाठवा, नंबर लागेपर्यंत कस्टमर दुसरीकडे. त्यापेक्षा इथे एमआयडीसीत भाड्याने वापरता येईल अशी लॅब द्या, कर्ज ठेवा तुमच्याकडे.

सातपूरकर: अरे मग तोही सरकारी पैसाच झाला की 😄

अंबड_लेथवाला: हो, पण लॅबला कुलूप लावून पळता येत नाही, कर्ज घेऊन येतं.