मदत हवी आहे : पक्ष्यांसाठी परवडणारी टेलिफोटो झूम लेन्स

नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅनन २००डी कॅमेरा आहे आणि सोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स. गेल्या रविवारी भरतीची वेळ बघून शिवडीच्या जेट्टीवर गेलो होतो. पाणी चढलं तसे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बरेच जवळ सरकले, तरी फोटोत चिखलावर गुलाबी ठिपकेच आले. फार हळहळ वाटली.

बजेट वीस हजार, ओढूनताणून पंचवीस. कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम मनात भरली आहे (आयएस म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारं स्टॅबिलायझेशन, एसटीएम म्हणजे फोकसची मोटर). वजन जेमतेम ३७५ ग्रॅम, लोकलच्या गर्दीत पिशवीत सहज मावेल, आणि १.६ क्रॉपमुळे (कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून दृश्य तेवढ्या पटीने जवळ दिसतं) ४०० मिमीइतकी पोच मिळेल. ७०-३०० आयएस दुसरी आवृत्ती मिळाली तर ४८०, पण वजन ७१० ग्रॅम आणि बजेटमध्ये जुनीच बघावी लागेल. तेवढ्या ८० मिमीने उडत्या पक्ष्यात खरंच फरक पडतो का? स्टॅबिलायझेशन नसलेली स्वस्त ७०-३०० मी बादच केली आहे, ट्रायपॉड घेऊन फिरणं मला जमत नाही.

फोर्टात जुनी लेन्स घ्यायची तर बुरशी कशी ओळखायची? मित्राच्या लेन्समध्ये पावसाळ्यानंतर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले होते, म्हणून धास्ती वाटते. कोणी अनुभवी सोबत येईल का?