‘तू इथला नव्हेस’ असं कुणी म्हणालंय? अनुभव लिवा

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नात बरोबर कोण हा वाद इथं नको, ती केस २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिथंच राहू दे. भाषेवरनं, रंगावरनं, गावावरनं परकं ठरवलं गेलं असेल तर सांगा. आपण दुसऱ्याला ठरवलं असेल तर तेही येऊ दे.

शहापूरकर
बेळगाव कर्नाटकात गेलं म्हणून आमचे बाबा दर १ नोव्हेंबरला काळा शर्ट घालून काळ्या दिनाच्या फेरीत, आणि समोरच्या घरावर कर्नाटक राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, ९ जण गेले, हिंडलग्याच्या त्यांच्या स्मारकाला अजून १ जूनला जातो. पण खरं सांगू काय, बाबांचा राग जमिनीच्या उताऱ्यावर. स्वतःच्या रानाचा कागद कन्नडात, वाचायला शेजारच्या पोराला हाक मारायची. मोर्चाला माणसं या असल्या कागदापायी जातात, झेंड्यापायी जाणारे थोडे.

खानापूरचा सिद्दी
घरात कोकणी, बाजारात मराठी, हापिसात कन्नड, तरी बेळगावच्या स्टँडवर कंडक्टर माझ्याशी इंग्लिशमधनं बोलतोय. ‘नायजेरिया?’ म्हणून विचारतात, पोरं केसाला हात लावून पळतात. आमचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतनं गोव्यात गुलाम म्हणून आणलेले, कित्येक जण तिथनं पळून या रानात आले, म्हणजे तुमच्या पणजोबाच्या आधीपासनं आम्ही इथं. २०१६ ला बेंगळुरात टांझानियाच्या मुलीला जमावानं मारलं तेव्हा माझा भाऊ तिथंच कामाला होता, आई रोज फोन करून अंधाराच्या आत घरी ये म्हणायची. आणि सरकारचं बघा, कारवार जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा (एसटी) दर्जा २००३ ला, आमच्या बेळगाव-धारवाडकडच्यांना २०२० उजाडलं. तिकडच्या हल्याळचा मामा आदिवासी आणि त्याची सख्खी बहीण, म्हणजे आमची आई, नाही! त्यासाठी आमची माणसं वर्षानुवर्षं अर्ज घेऊन फिरली, पेपरात कधी चार ओळी आल्या तर आल्या.

उद्यमबाग
आमची छोटी फौंड्री आहे. मोल्डिंगला आता बिहार-ओडिशाची पोरं, गावची पोरं त्या धगीत उभी राहत नाहीत. गल्लीत ‘भैय्यांना खोली देऊ नका’ म्हणणारे दोघं तर काळ्या दिनाच्या फेरीत पुढं असतात. तोंडावर बोललो तर मलाच म्हणाले, तू कुणाच्या बाजूचा?

निपाणीची लेक
पुण्यात घरमालकीण काकू : ‘कर्नाटकातल्या ना तुम्ही? मराठी छान बोलता हो!’ काय बोलायचं यावर.
आणि फेब्रुवारी २०२५ ला बेळगावजवळ कर्नाटकच्या बसच्या कंडक्टरला भाषेवरनं मारहाण झाली आणि दोन्हीकडच्या बसा थांबल्या तेव्हा कॉलेजला कोल्हापूरला जाणाऱ्या आमच्या बहिणीचे हाल. तिकडचे आमचे, इकडचेपण आमचे, आणि वडापवाला (जीपवाला) मागेल ते भाडं.

शहापूरकर
@खानापूर, एवढ्या जवळ राहून हे एसटीचं मला माहीतच नव्हतं बघा. आता दाखला मिळतोय काय नीट?

खानापूरचा सिद्दी
धाकट्याचा अडकलाय. जुना पुरावा आण म्हणतात. स्टँडवर मात्र कुणाला पुरावा लागत नाही.